खोली हवी तर आधी कागद आणा

या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचते, आणि खोटं कशाला बोलू... बहुतेक वेळा हसते. माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे लिंगपूजा. दाराला कधी लिंबू-मिरची बांधली नाही, कुणाची दृष्ट काढली नाही. भूत, भानामती हे रिकाम्या डोक्याचे खेळ, असं माझे वडील म्हणायचे. मीही तेच म्हणत आले. आणि माझं डोकं रिकामं कधी नव्हतंच. लातुरात क्लासेसच्या भागात माझी मेस आहे. डॉक्टर व्हायला आलेली साठ-सत्तर पोरंपोरी दोन वेळा माझ्या हातचं जेवतात. पहाटे कणीक मळायला बसणाऱ्या बाईला भुतं दिसत नाहीत, तिला फक्त सिलिंडर संपलेला दिसतो.

तर माझ्या गोष्टीत ना स्मशान आहे, ना पिंपळ, ना अमावस्या. दुपारचे तीन वाजले होते, डबे गेले होते, आणि मी ओट्याला टेकून अंदमानला स्वस्तातली खोली शोधत होते.

अंदमानच का, तर ते यांच्यामुळे. हे, म्हणजे माझे मिस्टर शिवराज, दालमिलमध्ये मशीनवर आहेत. तीस वर्षं तुरीच्या धुळीत उभे. मिलच्या ऑफिसात एक कॅलेंडर होतं, त्यावर नारळाची झाडं आणि निळंशार पाणी. वर्ष संपलं तरी यांनी ते काढू दिलं नाही. मला म्हणायचे, "सुनंदा, पाणी खरंच असं निळं असतं का, का छापणारे रंग टाकतेत?" आता लातूरच्या माणसाला पाण्याचं किती अप्रूप, हे वेगळं सांगायला नको. आमच्या शहरानं रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं आहे.

लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. लग्नानंतर आम्ही दोघं फिरायला म्हणून कुठेही गेलो नव्हतो. मेस बंद ठेवता येत नाही ना. फक्त मे महिन्यात, पोरांची परीक्षा झाली की दोन-तीन आठवडे चूल थंड असते. मी ठरवलं – यंदा जायचंच, मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

आधी गंजगोलाईजवळच्या एका टूरवाल्याकडे गेले. त्यानं पाच रात्री-सहा दिवसांचं जे पॅकेज सांगितलं, ते ऐकून मी पाणीसुद्धा न पिता उठले. मग आमची पल्लवी मदतीला आली. ही आमची मुलगी, नांदेडला दिलीय, बँकेत आहे. ती म्हणाली, "मम्मी, पॅकेज घेऊच नको. विमान हैदराबादहून धर, मंगळवार-बुधवारचं स्वस्त पडतं. मेमध्ये तिथं गर्दी नसते, खोल्या निम्म्यात मिळतात. पण खोल्यांचे फोन तू स्वतः कर. वेबसाइटवाले मध्ये आपलं कमिशन लावतात."

मग काय, महिनाभर मला नादच लागला. पोळ्या लाटता लाटता फेरीबोटीचं टाइमटेबल पाठ केलं. पोर्टब्लेअरहून हॅवलॉक, हॅवलॉकहून नील... नील हे छोटं बेट, सायकलनं फिरून होतं, म्हणजे गाडीभाडं वाचलं. फेसबुकवरच्या एका फिरस्त्यांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी नीलवरच्या एका घरगुती लॉजचा नंबर दिला होता. पाच खोल्या, मालक बंगाली, भाडं इतरांच्या निम्मं. मार्चमधल्या त्या दुपारी मी तो नंबर लावला.

दोन-तीन रिंग झाल्या. पलीकडून बाईचा आवाज आला, "हाव, बोला."

मी मनात हिंदी वाक्यं जुळवून ठेवली होती. ती घशातच राहिली. "तुम्ही... मराठी?"

"मराठीच की. तुम्ही लातूरचे ना? बोलण्यावरून कळून राहिलंय. माहेर देगलूरकडचं असंल."

माझं माहेर देगलूरचंच. तेलंगणाच्या तोंडावरचं गाव, तिथं मोठ्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अक्का, तुम्ही इतक्या लांब कशा?"

ती नुसती हसली. मी समजले, कुणी मराठवाड्याची बाई नशिबानं तिथं जाऊन पडली असेल. आपली माणसं कुठे नाहीत? मग आमचं असं बोलणं झालं की विचारू नका. तिनं सांगितलं, "खासगी बोटीला पैसे घालू नका, सरकारी फेरी धरा. हळू जाते, पण डेकवर उभं राहता येतं. इथं सगळीकडं मासळीचा वास, तुम्ही माळकऱ्यासारखी माणसं, तवा शेंगदाण्याची चटणी अन् धपाटे बांधून आणा. भात मी... भात इथं मिळंल."

ते 'मी' म्हणता म्हणता थांबणं मला तेव्हा जाणवलं नाही. आता जाणवतं. की मीच आता त्यात काहीतरी शोधतेय, देव जाणे.

दुसरा फोन मी चार दिवसांनी केला, तारखा पक्क्या करायला. वेळ तीच. हे त्या दिवशी मिल बंद म्हणून घरी होते, बाहेर ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. मी तारखा सांगितल्या. अक्का 'हूं' म्हणाली आणि मध्येच विचारलं, "दाजी कुठं हायत?"

"बसलेत बाहेर."

"डावा हात चोळीत बसलेत का?"

मी दाराबाहेर मान काढली. हे डाव्या दंडाला उजव्या हातानं चोळत बसले होते. मला हसूच आलं. म्हटलं, "हाव की! पोती उचलून उचलून दुखतोय हात."

"जिना चढताना दम लागतो?"

"ते धुळीनं हो अक्का. तीस वर्षं डाळीची धूळ खाल्ली. अन् थोडा गॅस हाय."

मग ती म्हणाली, "ताई, असं करा. दाजींच्या छातीची पट्टी काढून डॉक्टरचा कागद घ्या. कागद असल्याबिगर मी खोली देत न्हाई."

मला रागच आला. पन्नास लॉजवाल्यांचे नियम वाचले होते मी. आधार कार्ड मागतात, अॅडव्हान्स मागतात. छातीचा कागद मागणारी ही पहिलीच! मी फोन ठेवला आणि यांना सांगितलं. हे खो-खो हसले. "अगं, बेटावर दवाखाना नसंल मोठा, म्हणून भीत असतील. दुसरी खोली बघ."

बघितल्या की. चार ठिकाणी फोन केले. कुणाचं भाडं दुप्पट, कुणाची खोली समुद्रापासून कोसभर. माझा जीव त्याच खोलीत अडकला होता. म्हणून दोन दिवसांनी तिसरा फोन लावला. हे शेजारीच होते, म्हणाले, "स्पीकरवर टाक, मी बोलतो." हे मुद्दाम सांगतेय. तो आवाज मी एकटीनं ऐकलेला नाही, यांनीही ऐकलाय.

हे म्हणाले, "अक्का, आम्ही हवा खायला येऊन राहिलो, फौजेत भरती व्हायला न्हाई."

"दाजी, हसण्यावारी नेऊ नका. उद्याच जावा."

"अन् न्हाई गेलो तर?"

"तर खोली दुसऱ्याला देते. लई लोक विचारून राहिलेत."

यांनी मला डोळा मारला. मी पुढे झाले आणि घासाघीस केली. म्हटलं, "कागद आणतो, पण मग भाडं अजून थोडं कमी करा."

ती इतकी मोकळी हसली... "आणा तर खरं. भाड्याचं नंतर बघू."

वाचकहो, हे सांगायला मला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. दुसऱ्या दिवशी मी यांना दवाखान्यात नेलं ते यांच्या काळजीनं नाही. खोली स्वस्त होती आणि ती हातची जाऊ नये, एवढ्यासाठीच.

डॉक्टर ओळखीचे. त्यांची पुतणी माझ्याच मेसला जेवून एमबीबीएसला लागली. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतोय?" हे म्हणाले, "काही न्हाई साहेब, अंदमानच्या लॉजला कागद पाहिजे." डॉक्टर हसले, नर्सला म्हणाले, घ्या ईसीजी. पट्टी निघाली. ती त्यांनी एकदा बघितली, परत उलगडून बघितली, आणि हसणं थांबलं. "शिवराजअण्णा, जिना चढून आलात का लिफ्टनं?... बरं. आता उठू नका. बसून राहा."

त्याच दिवशी यांना दाखल केलं. अँजिओग्राफीत दिसलं – मुख्य नळी जवळजवळ बंद, दुसरीही अर्धी. दोन स्टेंट टाकले. मी बाहेर बाकड्यावर बसले होते, पल्लवी नांदेडहून एसटीनं धावत आली, तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी लहान पोरीसारखी रडले. नंतर हृदयाचे मोठे डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "तुम्ही वेळेत आणलंत. असा माणूस आठ-पंधरा दिवसांत कामावर उभ्या उभ्या जातो. कुणी पाठवलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "लॉजवाल्या बाईनं."

त्यांना वाटलं, माझं डोकं ठिकाणावर नाही.

यांना घरी आणल्यावर मी सगळ्यात आधी अक्काला फोन लावला. लागला नाही. चार-पाच दिवस रोज लावला, तेच. नीलवर नेटवर्क जातं-येतं, हे मला माहीत होतं. शेवटी पल्लवीनं व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला की पप्पा आजारी आहेत, यंदा येणं होत नाही. दोन दिवसांनी हिंदीत उत्तर आलं, की काही हरकत नाही, अगले साल आइए, हम इंतजार करेगा. मला वाटलं, मालकानं लिहिलं असेल. अक्काचे आभार आता समोर बसूनच मानायचे, असं मी ठरवलं. विमानाची तिकिटं काढायची राहिली होती, म्हणून पैसेही बुडाले नाहीत.

ते वर्ष पथ्यात गेलं. यांनी पोती उचलणं सोडलं, मिलमालकानं यांना मालाच्या पावत्या करायला बसवलं. सकाळी आम्ही दोघं चालायला जाऊ लागलो. पुढच्या मार्चला डॉक्टरांनी स्वतःच विचारलं, "अंदमानचं काय झालं? जाऊन या की."

पल्लवीनं व्हॉट्सअॅपवरच तारखा कळवल्या आणि मेमध्ये आम्ही गेलो. अगदी ठरवलं तसं... हैदराबादहून बुधवारचं विमान, सरकारी फेरी, पिशवीत धपाटे. फेरीच्या डेकवर हे कठडा धरून उभे होते. पाणी आधी काळपट, मग हिरवं, आणि नील जवळ आलं तसं काचेसारखं निळं झालं. यांनी माझा हात धरला, गर्दीत, सगळ्यांसमोर. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "छापणाऱ्यानं रंग कमीच टाकला होता गं."

माझ्या पर्समध्ये अक्कासाठी इरकली साडी होती. देगलूरच्या बाजारातून आईनं मुद्दाम घेऊन पाठवलेली.

जेट्टीवर एक सावळा, उंच माणूस माझं नाव लिहिलेला पुठ्ठा धरून उभा होता. हेच मालक, निमाईदा. शेजारी त्यांची बायको, तिला ते शेफाली म्हणत. मी नमस्कार केला, तर ती बाई पुढे आली आणि वाकून माझ्या पायाला हात लावायला लागली. मी दचकून मागे सरले. माझ्यापेक्षा मोठी बाई, आणि माझ्या पाया का पडावी? तिचे डोळे भरले होते.

घरी पोचलो. नारळाच्या झाडांत पाच खोल्या, पुढे भेंडी-वांग्याचे वाफे. मला धीर निघेना. विचारलं, "अक्का कहाँ हैं? वो मराठी बोलनेवाली? फोन पे जो बात करती थी?"

निमाईदा माझ्याकडे बघत राहिले. "फोन पे? दीदी, फोन तो मैं उठाया. तीनों बार. इधर मराठी कोई नहीं है."

"लेकिन मैंने तो एक बाई से बात की..."

"आप हमसे बात किया. बांग्ला में."

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे. मला बंगालीचा एक शब्द येत नाही. आयुष्यात कधी बंगाली माणसाशी बोलले नव्हते.

निमाईदांनी आत जाऊन लॉजची वही आणली. त्यात त्यांच्या अक्षरात, बंगालीत लिहिलेलं, ते बोट ठेवून वाचून दाखवत होते – सुनंदा, लातूर, दोघं माणसं, मासळी नको. आणि मी फोन केले त्याच मार्चच्या तारखा. म्हणाले, "आपका बांग्ला सुनके मैं हैरान हो गया. एकदम मेरी माँ के जैसा, उधर बांग्लादेश के बोरिशाल का बांग्ला. अब तो इधर भी कोई वैसा नहीं बोलता. मैं सोचा, हमारे उधर की लड़की है, महाराष्ट्र में शादी हुआ होगा."

पुढचं त्यांच्याच्यानं नीट सांगवेना. थांबत थांबत, मोडक्या हिंदीत जे सांगितलं, ते असं. तिसऱ्या फोनच्या वेळी ते मला म्हणाले, गुरुवारी मी डोंगी, म्हणजे छोटी होडी, घेऊन मासळीला जातो, फोन लागणार नाही, शुक्रवारी करा. तर मी म्हणे त्यांना म्हणाले, 'दादा, या गुरुवारी पाण्यात उतरू नका.' ते हसले. मी पुन्हा म्हणाले, आणि रागावून म्हणाले. शेफालीबौदी (तिकडे वहिनीला बौदी म्हणतात) तिथेच मासे साफ करत बसली होती, फोन स्पीकरवर होता, तिनंही ऐकलं. बौदीला त्या आवाजात आपली मेलेली सासू ऐकू आल्यासारखं झालं. गुरुवारी पहाटे तिनं इंजिन चालू करायची दोरी लपवून ठेवली. नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. निमाईदा घरीच राहिले. दुपारी वारा अचानक फिरला. त्या दिवशी बाहेर गेलेल्या दोन डोंग्या उलटल्या. तिघांची प्रेतं दुसऱ्या दिवशी सापडली. एक सापडलाच नाही.

"आप नहीं बोलता, तो मैं नहीं होता," निमाईदा म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, मी हे बोलले नाही." मराठीतच म्हटलं. मग भानावर येऊन हिंदीत सांगितलं. आणि आमच्याकडे काय झालं तेही सांगितलं, डावा हात, कागद, दवाखाना सगळं. यांनी शर्टाची बटणं काढून... नाही, दाखवण्यासारखं काही नसतं स्टेंटचं, पण बिचारे उगाच छातीवर हात ठेवून उभे राहिले. निमाईदा डोकं हलवत होते. "मैं कागज नहीं माँगा. कभी किसी से नहीं माँगा."

आम्ही चौघं त्या अंगणात कितीतरी वेळ बसून राहिलो. ते आमचे आभार मानत होते, आम्ही त्यांचे. आणि ज्यासाठी मानत होतो, ते दोन्हीकडच्या कुणीच केलेलं नव्हतं.

साडी मी शेफालीबौदीला दिली. आम्ही चार दिवस राहिलो, तिनं भाड्याचं नाव काढलं नाही, आणि शेवटी मीच पैसे तिच्या डब्यात कोंबले. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. ती तिच्या भाषेत बोलत होती, मी माझ्या. मी कान देऊन ऐकलं, खूप प्रयत्न केला. तिचं एक अक्षर मला कळलं नाही, माझं तिला. तरी ती माझा हात हातात घेऊन बोलत राहिली.

घरी आल्यावर पल्लवीनं खूप डोकं चालवलं. क्रॉस-कनेक्शन, भाषा बदलणारं काही अॅप, तिसरंच कुणीतरी... पण माझ्या फोनच्या बिलात तिन्ही कॉल त्याच नंबरचे दिसतात, आणि तारखा निमाईदांच्या वहीशी जुळतात. अॅपला यांचा हात दुखतो हे कसं कळणार? गुरुवारचा वारा कसा कळणार? ग्रुपमध्ये ज्या बाईनं नंबर टाकला होता, तिला विचारलं, तर ती म्हणाली, मला निमाईदाच भेटले, हिंदीतच बोलले. हे मात्र शोध घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, "कोण होती ते कशाला? होती ना? बास."

मी अजूनही भूत मानत नाही. जिनं दोन घरांचं कुंकू राखलं, तिला भूत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि दुसरं काय म्हणायचं, ते मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर कळवा.

कधी कधी दुपारी डबे गेले की मी नीलला फोन लावते. पहिलं 'हॅलो' येईपर्यंत जीव कानात गोळा होतो. 'हाव, बोला' आजवर परत ऐकू आलेलं नाही. प्रत्येक वेळी निमाईदाच उचलतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "दीदी, कैसा है?" क्षणभर माझी निराशा होते. मग ओसरीतून हे ओरडतात, "निमाईदाला माझाही नमस्कार सांग गं!" आणि तिकडून बोलायला ते आहेत, इकडून ओरडायला हे आहेत, यातच मला सगळं मिळाल्यासारखं वाटतं.